झिरो बल्ब, पण वापर झिरो नाही

हिंडलगा-बेळगाव भागात बऱ्याच घरांत देवघरात नाहीतर जिन्यापाशी एक झिरो बल्ब रात्रभर जळत असतो. ‘त्याला कुठं वीज लागते?’ असं घरातली मोठी माणसं सहज म्हणतात. पण जुन्या, तारेच्या झिरो बल्बला सुमारे १५ वॅट वीज लागते. रोज १० तास जळला, तर महिन्याला साडेचार युनिट!

आपल्याकडे या युनिटांना आता वेगळं महत्त्व आहे. २०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती योजना आहे. योजना आली तेव्हाचा हिशेब असा: २०२२-२३ मधला आपला सरासरी वापर अधिक १० टक्के, एवढी वीज मोफत. त्यापेक्षा जास्त वापरली, तर वरच्या युनिटांचे पैसे. २०० युनिटांच्या पुढे गेलात, तर पूर्ण बिल. म्हणजे सरासरी १२० असेल, तर मर्यादा १३२. घरात नवा फ्रिज आला की ती ओलांडायला वेळ लागत नाही. हेस्कॉमचं बिल शून्य येत असलं, तरी वाचवलेलं युनिट असं उपयोगी पडतं.

आता बल्बांची तुलना करू. साधारण सारखाच उजेड आणि रोज ५ तास वापर धरला, तर महिन्याचा खर्च असा:

• जुना पिवळा बल्ब, ६० वॅट: ९ युनिट
• सीएफएल, १४ वॅट: २.१ युनिट
• एलईडी, ९ वॅट: १.३५ युनिट

पिवळ्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत जाते. तो काढून एलईडी लावला, तर महिन्याला साडेसात युनिटांहून जास्त वाचतात. युनिट ६ रुपयांचं धरलं, तर १०० रुपयांचा एलईडी सव्वादोन महिन्यांत वसूल होतो. सीएफएल बदलून मात्र पाऊण युनिटच वाचतं आणि पैसे निघायला दोनेक वर्षं लागतात. त्यामुळे चालू सीएफएल घाईनं काढू नका, बंद पडल्यावर एलईडी आणा. सीएफएलमध्ये थोडा पारा असतो. फुटला तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा, तुकडे जाड कागदानं गोळा करा आणि ते ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका.

कुठला दिवा आधी बदलायचा, हे नुसत्या वॅटवर ठरवू नका. तो किती तास जळतो तेही बघा. ५ तास चालणाऱ्या ९ वॅटच्या एलईडीपेक्षा रात्रभराचा झिरो बल्ब तिप्पट वीज खातो. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट लॅम्प लावला, तर महिन्याचा खर्च ०.१५ युनिटवर येतो. त्यानंतर पाळी अंगणातल्या दिव्याची आणि पावसाळ्यात दिवसाही लावाव्या लागणाऱ्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबची. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसह ५० वॅटच्या आसपास घेते. २० वॅटच्या एलईडी पट्टीवर काम भागतं.

दुकानात गेल्यावर खोक्यावर ल्यूमेन वाचा, कारण उजेडाचं माप ते आहे. ६० वॅटच्या जागी ७०० ते ८०० ल्यूमेन पुरतात. देवघराला, झोपायच्या खोलीला ३००० केल्विनचा पिवळसर उजेड बरा वाटतो. अभ्यासाच्या टेबलाला ४००० ते ६५०० केल्विन चालतो. एलईडी बंद काचेच्या गोळ्यात बसवू नका. आत उष्णता कोंडली की त्याचं सर्किट लवकर जातं.

येत्या रविवारी मुलांच्या हाती वही द्या आणि घरातला प्रत्येक दिवा, त्याचे वॅट आणि तास लिहून काढायला सांगा. वॅटना तासांनी गुणायचं, ३० दिवसांनी गुणायचं आणि हजारानं भागायचं: महिन्याचे युनिट मिळाले. सगळ्यात मोठा आकडा ज्या दिव्याचा, तो आधी बदला.