गिटार विदर्भाच्या लाकडाची, नागपूरच्या हवेची

हाताने गिटार बांधायची म्हटलं की पहिला प्रश्न लाकडाचा येतो, आणि लाकडाचा प्रश्न आला की आपल्याकडची मंडळी लगेच परदेशाकडे पाहायला लागतात. तबली, म्हणजे वरची फळी, कॅनडाची, मान होंडुरासच्या महोगनीची, फिंगरबोर्ड आफ्रिकेच्या आबनुसाचा. एवढं जमल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही, असा समज नव्या मुलांच्या डोक्यात पक्का बसवला गेला आहे. मला तो मान्य नाही. नागपुरात बांधायच्या गिटारला तबली सोडून बाकी सगळं लाकूड विदर्भाच्या जंगलात मिळतं. लाकडापेक्षा जास्त अभ्यास करावा लागतो तो इथल्या हवेचा. गेली कितीतरी वर्षं मी हे सांगत आलोय, आणि या आढाव्यातही सांगणार आहे.

इतिहास थोडक्यात उरकतो. आजची शास्त्रीय गिटार स्पेनच्या अंतोनिओ दे तोर्रेसने (१८१७–१८९२) पक्की केली. अंगाचा आकार, तबलीखाली पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्या, ६५० मिलिमीटरची तार, हे सगळं त्याच्या हातून रूढ झालं. तिकडे मार्टिन नावाचा जर्मन कारागीर १८३३मध्ये अमेरिकेत गेला. फुलीच्या आकाराच्या ज्या पट्ट्यांवर आजची स्टीलच्या तारांची गिटार उभी आहे, त्या रुजल्या त्याच्या कारखान्यात. आपल्याकडे गिटार दोन वाटांनी आली. एक गोव्याची. गोमंतकीय वादकांबरोबर ती मुंबईच्या हॉटेलांत आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत पोचली. दुसरी वाट हवाईयन गिटारची. मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी फिरवून वाजवायची ही गिटार. ब्रिजभूषण काब्रांनी १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त ती संतूर-बासरीच्या शेजारी आणून बसवली आणि विश्वमोहन भट्टांनी तिला जास्तीच्या तारा जोडून मोहनवीणा केली. १९९४मध्ये त्या वाद्याच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. आमच्या लहानपणी नागपूरच्या गणेशोत्सवात गिटार म्हटलं की हीच आडवी गिटार डोळ्यांपुढे यायची. उभी धरून वाजवायची गिटार घरोघरी आली ती पुष्कळ नंतर.

घरी बांधणाऱ्यांना वाट दाखवली ती पुस्तकांनी. आयर्विंग स्लोनचं १९६६चं पुस्तक आणि कंपियानो-नेटलसन जोडीचं १९८७चं जाडजूड पुस्तक, ही दोन आमच्या पिढीने झेरॉक्स काढून वापरली. फ्रेटचं गणित त्यांतच शिकलो. तारेची लांबी १७.८१७ने भागायची, ६५०ला पहिला फ्रेट ३६.४८ मिलिमीटरवर येतो. उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार, असं करत बाराव्या फ्रेटला बरोबर अर्ध्यावर, ३२५वर पोचायचं. यात मतभेदाला जागा नाही, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

मतभेद आहे तो पाठीच्या लाकडावर. १८६२मध्ये तोर्रेसने एक गिटार बांधली. तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या, लाकडाची होती ती तबली. आवाज तबलीतून येतो हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. त्यानंतर दीडशे वर्षांनी, २०१८मध्ये, इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी अगदी एकसारख्या सहा गिटारी बांधून घेतल्या. फरक फक्त पाठ-बाजूंच्या लाकडाचा. ५२ वादकांना त्या अंधारात वाजवायला दिल्या. दुर्मिळ ब्राझिली शिसव आणि साधं स्वस्त लाकूड यांत त्यांना म्हणण्यासारखा फरक करता आला नाही. शिसवाशिवाय गिटार नाही असं छातीठोक सांगणाऱ्यांनी या दोन गोष्टींचं उत्तर द्यावं. मला ते अजून कोणी दिलेलं नाही.

शिसवाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ब्राझीलचं शिसव मिळेनासं झालं तेव्हा मार्टिन कंपनी १९६९मध्ये भारतीय शिसवाकडे वळली आणि जगभरचे कारखाने तिच्यामागे आले. १९९२मध्ये ब्राझिली शिसवाच्या व्यापारावर जवळपास बंदीच आली. २०१७मध्ये शिसवाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय परवान्याखाली गेल्या. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९च्या शेवटी. आपल्या दक्षिणेचं लाकूड पेनसिल्व्हेनियात जातं, गिटार होऊन परत येतं आणि लाखाच्या पुढच्या किमतीला आपल्याच दुकानात टांगलं जातं. छंदिष्टाने त्या रांगेत का उभं राहावं?

आता माझ्या आवडीच्या लाकडांकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

पहिलं शिवण. वीणेला आणि ढोलाला आपल्याकडे हे लाकूड पूर्वापार वापरतात. रंग फिकट, गवती. सागवानापेक्षा हलकं. रंध्याखाली लोण्यासारखं निघतं. मुख्य गुण असा की शिवण फिरत नाही. एकदा वाळलं की पावसाळ्यात मुरड खात नाही आणि उन्हाळ्यात फार आकसत नाही. मानेसाठी मला याच्याइतकं भरवशाचं लाकूड माहीत नाही. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण ७०–७५ किलोंच्या घरात जातो, तेव्हा मानेत लोखंडी ट्रस रॉड घालावाच लागतो. नायलॉनच्या तारांना ताण जवळपास निम्मा, तिथे नुसतं शिवण चालतं. पाठ-बाजूंनाही हे उत्तम. दोन मिलिमीटरची फळी पाण्याने ओली करून तापलेल्या नळीवर धरली की तंतू सैल होताना हाताला कळतात. तिथे घाई करायची नाही. नळीला दाबायचं नाही, लाकूड स्वतः वळायला लागेपर्यंत थांबायचं.

दुसरं तेंदू. विदर्भात तेंदू म्हटलं की विडीचं पान आठवतं, गोंदिया-भंडाऱ्याचे विडी कारखाने आठवतात. पण जुन्या तेंदूच्या झाडाचा गाभा काळा असतो, कारण हे झाड आबनुसाच्याच कुळातलं. गाभा लहान निघतो, त्यात तपकिरी रेघा असतात, आणि वाळताना तो तडकतो. म्हणून तुकडा मिळाला की आधी दोन्ही तोंडांना मेण लावायचं आणि सावलीत ठेवून काही वर्षं त्याच्याकडे पाहायचंच नाही. हा धीर ज्याला आहे त्याला सहा मिलिमीटरचा असा फिंगरबोर्ड मिळतो की आफ्रिकेच्या आबनुसाची आठवण येत नाही. रंधा मारताना बोटं काळी होतात, आणि शेवटी बारीक कानस फिरवून कोरड्या फडक्याने घासलं की पॉलिश न लावता चकाकी येते. गिटारचा हा एकच भाग मी पॉलिशविना ठेवतो.

बीजा तबल्याच्या खोडाला लागतो. रंग सुरेख, पण ओला केला की रंग सोडतो आणि शेजारची पांढरी तबली डागाळते. वाकवून पूर्ण वाळवल्याशिवाय तबलीजवळ आणू नये. हळदूच्या पिवळ्या पट्ट्या कडांना शोभतात. आणि सागवान? आलापल्लीच्या सागवानाबद्दल मी काय सांगायचं! २०२३मध्ये नव्या संसद भवनाला नागपूरकडचं सागवान लागलं, त्याच वर्षी बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं. पण गिटारला मी ताजं सागवान घेत नाही. महाल आणि इतवारीतले वाडे पाडताना निघणाऱ्या तुळया घ्याव्यात. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड पैसे देऊनही दुसरीकडे मिळत नाही. खिळे मात्र शोधून काढावेत, नाहीतर पात्याचे दात जातात. सागवानात तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी स्पिरिटने पुसावं.

राहिली तबली. इथे मी हट्ट करत नाही. वजनाच्या मानाने ताठपणा सूचिपर्णी लाकडातच मिळतो, आणि ते झाड सातपुड्यात नाही. पण तेही परदेशातूनच यावं असं नाही. हिमालयात स्प्रूस आहे, देवदार आहे. वलयं फळीच्या सपाट पृष्ठाशी काटकोनात उभी असतील असाच काप घ्यावा. अशी फळी ओलाव्याने रुंदीत कमी हलते; हे कारण समजलं की हवेचा प्रश्नही समजतो.

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी हवेतला ओलावा १५–२० टक्क्यांवर उतरतो. २३ मे २०१३ला इथे पारा ४७.९वर गेला होता. जुलै-ऑगस्टमध्ये तोच ओलावा ८०च्या पुढे असतो. चाळीस सेंटिमीटर रुंदीची स्प्रूसची मोकळी फळी या दोन टोकांमध्ये रुंदीत पाच मिलिमीटरच्या वर कमी-जास्त होते. तिच्या पोटाला चिकटवलेल्या आडव्या पट्ट्या मात्र लांबीत हलत नाहीत. म्हणजे तबली पावसाळ्यात चिकटवली तर मे महिन्यात ती आकसायला जाते, पट्ट्या आकसू देत नाहीत, आणि फळी तंतूंच्या रेषेत फाटते. उलट कोरड्या दिवसांत चिकटवली तर पावसाळ्यात ती थोडी फुगते, तारा वर उचलल्या जातात, आणि दसऱ्यापर्यंत सगळं जागेवर येतं. फुगलेली तबली बसते, फाटलेली बसत नाही. परदेशी पुस्तकं ४५ ते ५० टक्के ओलाव्यात चिकटवा म्हणतात. त्यांच्या गावांना ते ठीक असेल. नागपूरसाठी माझा आकडा ४० आहे.

यावर काही जण म्हणतात, खोलीला एसी आणि ओलावा शोषणारं यंत्र लावलं की बाराही महिने काम करता येतं. काम करता येतं, हे खरं. पण गिटार त्या खोलीत राहणार नाही. ती ज्या घरात जाईल तिथे वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर असेल. त्या खोलीत ओलावा ६०वर, आणि दार उघडून बाहेर आलं की १५. संध्याकाळी मुलगा गिटार घेऊन क्लासला निघाला की वीस मिनिटांत तिने दोन ऋतू पाहिलेले असतात. म्हणून माझं वर्ष मी असं वाटलंय: उन्हाळ्यात साचे, हत्यारांना धार आणि फ्रेटचं काम, पावसाळ्यात बाजू वाकवणं, दिवाळी ते होळी चिकटवणं, आणि थंडी सरता सरता पॉलिश. पॉलिश लाखेचंच. गोंदियापासून छत्तीसगडपर्यंत पळस-कुसुमावर लाख होते, आणि स्पेनचे कारागीर आपल्या गिटारींना हीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने चढवत आलेत. पावसाळ्यात ती लावली तर पांढरट धुरकटपणा येतो.

चिकटवायला सरस. पांढरा गोंद सोपा आहे, हे मला मान्य. पण उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार राहिली की तो गोंद नरम पडतो आणि तारांच्या ताणाने ब्रिज हळूहळू सरकतो. कोरड्या उष्णतेत सरस हलत नाही, आणि पन्नास वर्षांनी दुरुस्ती काढायची वेळ आली तर गरम पाण्याने आणि पातळ पात्याने सांधा सुटतो. वाद्य दुरुस्त होणार आहे हे धरूनच ते बांधावं.

हे मी शिकलो मिरजेत. महाराष्ट्र एक्सप्रेसने मिरजेला उतरायचं आणि तंतुवाद्यांच्या गल्लीत जाऊन बसायचं, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे सतार-तंबोऱ्याचं काम सुरू केलं, पटवर्धन संस्थानिकांनी त्याला आश्रय दिला, अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई तिथे राहिले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तूणाच्या तबल्या, आणि घोडीवर कानस फिरवून कान लावून काढलेली जवारी. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गिटारवाल्यांपैकी काहींना वाटतं की त्या कारागिरांकडून आपल्याला शिकण्यासारखं काही नाही, कारण त्यांच्याकडे मोजमापाची यंत्रं नाहीत. त्यांनी एकदा तिथे जाऊन बसावं. तबली हातात तोलून, बोटाच्या पेराने ठोकून, आणखी किती काढायची हे तो माणूस सांगतो. तबलीची जाडी अडीच मिलिमीटर की तीन, हा प्रश्न आम्ही कॅलिपर घेऊन सोडवायला बसतो. पण कॅनडाच्या दोन फळ्यासुद्धा सारख्या नसतात. शेवटचा अर्धा मिलिमीटर ठोकूनच काढावा लागतो.

असे जाणकार नागपुरातही होते. लकडगंजात एक आरावाला होता. ओंडक्यावर हात फिरवून गाभा कुठे सरकलाय ते सांगायचा आणि उभा काप बिनचूक काढून द्यायचा. आधी कुरकुर करायचा, “भाऊ, इतल्याशा तुकड्यापायी माहा हात जाईन ना!” आणि मग चहा सांगून मशीन लावायचा. आता तिथे जिकडेतिकडे प्लाय आणि एमडीएफ. शिवण मागितलं तर पोरगा मोबाइलमधून मान वर करत नाही. दुसरीकडे चीनमधून आलेला तयार संच जोडायचा, वर नाव कोरायचं आणि हस्तनिर्मित म्हणून विकायचं, हेही सुरू झालंय. संच जोडण्यात वाईट काही नाही. शिकायला ते चांगलंच आहे. पण त्यातला महत्त्वाचा निर्णय, कोणतं लाकूड किती पातळ करायचं, तो दुसऱ्याच कोणी तरी घेतलेला असतो. त्याला हस्तनिर्मित म्हणू नये.

दोन मागण्या करतो. वनखात्याला अशी की सरकारी लिलावात लाकडाचे मोठे ढीग निघतात, ते छंदिष्टाला आणि वाद्य कारागिराला घेता येत नाहीत. शिवण, बीजा आणि तेंदूच्या गाभ्याचे दोन-तीन फुटी तुकडे वाहतूक परवान्यासह वेगळे विकायला ठेवावेत. सरकारचा तोटा नाही, आणि मिरजेलाही त्याचा उपयोग होईल. दुसरी मागणी ज्यांना हा छंद लागायची चिन्हं आहेत त्यांना. परदेशी लाकडाची नोंदणी करण्याआधी एक आर्द्रतामापक विकत घ्या. चार-पाचशे रुपयांत मिळतो. तो कामाच्या खोलीत टांगा आणि रोज दुपारी आकडा वहीत लिहा. दिवाळी झाली की काटा उतरायला लागेल. ४०वर स्थिरावला की तबलीच्या पट्ट्या चिकटवायला घ्या. होळीपर्यंत वेळ आहे.