प्रोटियाला खत घालू नका!

दक्षिण आफ्रिकेत लागवडीचा मुहूर्त पाऊस ठरवतो. जोहान्सबर्गला तो ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात पडतो. केपटाउनला मे ते ऑगस्ट, ऐन थंडीत. म्हणून केपमध्ये एप्रिल-मेमध्ये रोपं लावतात. पावसात मुळं खोल जातात आणि पुढचा कोरडा उन्हाळा सोसतात.

राष्ट्रीय फूल किंग प्रोटिया याच भागातलं. इथली माती वालुकामय, आम्लधर्मी आणि फॉस्फरसला मोताद. प्रोटियाची बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरात दाट झुबके करतात आणि आम्लं सोडून मातीत अडकलेला फॉस्फरस मोकळा करतात. मात्र तो जास्त झाला, तर शोषण आवरणं त्यांना जमत नाही. पानं पिवळी पडतात, झाड मरतंही. त्यामुळे शेणखत, हाडांचा चुरा, सुपरफॉस्फेट वर्ज्य. बुंध्याशी खुरपू नये, पालापाचोळ्याचं आच्छादन घालावं.

बियांची तऱ्हा आणखी निराळी. वणव्यानंतर उगवणाऱ्या केपच्या अनेक वनस्पतींना धुराची खूण लागते. 1913 साली स्थापन झालेल्या कर्स्टनबॉश उद्यानात म्हणूनच बियांना धुरी देतात. घरी बी पेरताना धूर मुरवलेलं पाणी वापरलं तरी चालतं.