स्वयंपाकघरांतील गॅस : तपासणी आणि निगा

चुलीचा विस्तव डोळ्यांना दिसे. त्याचा धूर डोळ्यांत जाई, राख हाताला लागे, आणि तो जागा आहे कीं विझला हें लहान मुलालाहि कळे. गॅसची गोष्ट निराळी आहे. तो पेटलेला असतां दिसतो खरा. पण न पेटतां नळींतून सुटूं लागला म्हणजे त्याला ना रंग, ना रूप. म्हणून चुलीची निगा जी नुसत्या सवयीनें होत असे, ती गॅसच्या बाबतींत समजून उमजून करावी लागते.

सोलापूरजवळ, दक्षिण सोलापूर तालुक्यांत, कुंभारी हें गांव आहे. विडी वळणाऱ्या स्त्रियांसाठीं येथें १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, आणि २००६ सालीं तीं घरें त्यांच्या हातीं आलीं. गोदूताई परुळेकर यांचें नांव त्या वसाहतीस दिलेलें आहे. पुढें १९ जानेवारी २०२४ रोजीं येथल्याच रे नगर वसाहतींतील १५,००० घरें यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले अशा कष्टकरी कुटुंबांच्या स्वाधीन करण्यांत आलीं. अशा घरांत जागा बेताची असते. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि विड्या वळणें हीं कामें चार-सहा हातांच्या अंतरावर चालतात. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन जमिनीवर बसते. शेजारीं तेंदूचीं पानें आणि तंबाखू असते. जवळच तान्हें मूल निजलेलें असतें. आणि सिलिंडरमधील गॅसचा स्वभाव असा कीं, तो सुटला म्हणजे जमिनीलगतच साठतो. गच्चीवरच्या प्रशस्त घरांतहि हाच नियम आहे. लहान घरांत तो लवकर प्रत्ययास येतो, इतकेंच.

असें कां होतें तें पाहूं. मुंबईंत १८६५ सालीं रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तेव्हांचा गॅस कोळशापासून काढीत असत. तो हवेपेक्षां हलका. आज मोठ्या शहरांत नळानें जो नैसर्गिक वायु येतो, तोहि हलकाच; गळती झाल्यास तो छताकडे चढतो. सिलिंडरांत मात्र प्रोपेन आणि ब्युटेन हे दोन वायु दाबाखालीं द्रवरूप करून भरलेले असतात, आणि ते हवेच्या सुमारें दीडपट ते दुप्पट जड आहेत. म्हणून वरचा झरोका उघडा आहे एवढ्यावर समाधान मानणें चुकीचें ठरतें. दार आणि खालच्या बाजूची वाट मोकळी हवी.

आतां थोडें गणित. शंभर भाग हवेंत या गॅसचे सुमारें दोन भाग मिसळले कीं तें मिश्रण ठिणगीनें पेट घेतें. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली घेतली, तर ती सर्व भरून पेट घेण्याजोगी होण्यास सुमारें सव्वा किलो गॅस लागेल. पण गॅस तळाशींच एक फुटाच्या थरांत राहिला, तर त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे अवघा सव्वाशें ग्रॅम पुरतो. भरलेल्या घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो गॅस असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे लहानशा गळतीकडेहि दुर्लक्ष कां करूं नये तें उमगेल.

या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत मरकॅप्टन नांवाचा उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. तथापि एकाच वासांत फार वेळ बसलें म्हणजे नाक त्याला सरावतें. तंबाखूच्या दर्पांत दिवसभर काम करणाऱ्या घरांत, अथवा सर्दी झालेल्या माणसानें, केवळ नाकावर विसंबूं नये. बाहेरून आलेला मनुष्य ‘गॅसचा वास येतो’ म्हणाला, तर त्याचें बोलणें हंसण्यावारी नेऊं नये.

तपासणीचा आरंभ रबरी नळीपासून करावा. नळीवर मानक संस्थेची खूण असावी, तिची लांबी दीड मीटरहून अधिक नसावी, आणि तिला मध्यें सांधा नसावा. ती वांकवून पाहावी. बारीक चिरा, कडकपणा, उंदरानें कुरतडल्याची खूण यांपैकीं कांहीं आढळल्यास ती त्याच दिवशीं बदलावी. एरवींहि पांच वर्षांनीं नवी नळी घ्यावी. नळीवर फडकें गुंडाळणें किंवा ती भिंतींत दडवणें हितावह नाहीं, कारण त्यानें दोष झांकला जातो.

सिलिंडर घरीं येतांच दोन गोष्टी पाहाव्या. त्याच्या माथ्याजवळच्या पट्टीवर एक अक्षर व दोन आंकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. ‘सी-२८’ याचा अर्थ, सप्टेंबर २०२८ पर्यंत त्या सिलिंडरची फेरचांचणी व्हावयास हवी. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा. दुसरें, तोंडाशीं आंतील रबरी वायसर जागेवर आहे ना, हें आणणाऱ्याकडूनच तपासून घ्यावें. सिलिंडर नेहमीं उभा ठेवावा, आणि शेगडी त्याच्याहून उंच ओट्यावर असावी.

सांधे तपासण्यास साबणाचा फेंस उत्तम. तो रेग्युलेटरच्या आणि नळीच्या दोन्ही टोंकांशीं लावावा. बुडबुडे फुगूं लागले तर तेथें गळती आहे. काडी पेटवून गळती शोधण्याची रीत कांहीं घरांत अजून आढळते. ती प्राणघातक आहे. स्वयंपाक आटोपला कीं शेगडीच्या चाव्यांबरोबर रेग्युलेटरहि बंद करावा.

ज्योतीचा रंग हाहि एक परीक्षक आहे. निळी, स्थिर ज्योत हें निरोगी शेगडीचें लक्षण. ती पिवळी पडून भांड्याचे बूड काळें होऊं लागलें, म्हणजे बर्नरचीं भोंकें बुजलीं आहेत किंवा गॅसला पुरेशी हवा मिळत नाहीं असें समजावें. बर्नर निवाल्यावर काढून घांसावा व पुरता वाळवून बसवावा. आंतील बारीक तोटी किंवा रेग्युलेटर यांना मात्र घरीं हात लावूं नये. तें काम वितरकाच्या कारागिराचें. त्याच्याकडून पांच वर्षांतून एकदां सर्व सामानाची रीतसर तपासणीहि करून घ्यावी.

अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु होतो. त्याला वास नाहीं. तो रक्तांत मिसळून प्राणवायूची जागा बळकावतो. गॅसवर पाणी तापविणारें यंत्र बंद न्हाणीघरांत बसविल्यामुळें माणसें दगावल्याच्या घटना महाराष्ट्रांत घडल्या आहेत. असें यंत्र न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत असावें. स्नान करतांना डोकें जड झालें किंवा मळमळूं लागलें, तर तत्काळ बाहेर यावें.

इतकी काळजी घेऊनहि कधीं वास आलाच, तर क्रम पाठ असावा. विजेचें एकहि बटण दाबूं नये, लावण्यासाठीं नाहीं आणि बंद करण्यासाठींहि नाहीं. दोन्ही वेळां ठिणगी पडते. जवळपासचा दिवा, उदबत्ती विझवावी. रेग्युलेटर बंद करून काढावा व सिलिंडरला टोपण घालावें. दारें-खिडक्या उघडाव्या, मुलांना व वृद्धांना बाहेर न्यावें, आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. हा क्रमांक घरांतील मुलांनाहि ठाऊक असावा, कारण अशा वेळीं घरांत मोठें माणूस असेलच असें नाहीं.

या सर्व तपासणीस महिन्यांतून पाव तास पुरतो, आणि खर्च म्हणाल तर साबणाच्या एका तुकड्याचा. ज्या घरासाठीं विडी कामगार स्त्रियांनीं वर्षानुवर्षें खटाटोप केला, त्या घराला एवढा पाव तास देणें अवघड नाहीं. आणि ज्यांना घर त्याहून सुखानें लाभलें, त्यांना तर मुळींच नाहीं.