सातचा भोंगा

भोंगा म्हटलं की मुंबईच्या गिरणगावातला माणूस पाळी आठवतो, आणि सांगली-कोल्हापूरकडचा साखर कारखाना. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं मी पाहिली आहेत. या सगळ्या भोंग्यांचं सांगणं एकच असायचं: उठा, कामाला लागा. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथे २०२२च्या ऑगस्टमध्ये देवळावर बसवलेला भोंगा उलटंच सांगू लागला: हातातलं खाली ठेवा.

लॉकडाऊनमध्ये शाळाच मोबाईलमध्ये आली होती. पुढे शाळा आपल्या इमारतीत परत गेली, मोबाईल मात्र मुलांच्या हातातच राहिला. १४ ऑगस्टला गावाच्या सभेत सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने ठरलं की रोज संध्याकाळी सात ते साडेआठ घराघरातला टीव्ही आणि मोबाईल बंद. सुरुवातीला पुरुषमंडळींनी थट्टा केली. बायकांनी मात्र ते उचलून धरलं. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक दारोदार जाऊन सांगू लागले.

बातमी वाचली तेव्हा मीही हसलो होतो. दीड तासाने काय होणार? पण त्यातली एक गोष्ट डोक्यातून जाईना. बंद फक्त पोरांचा फोन नव्हता, आजीची मालिकाही बंद होती. ही बारीकशी अट किती खोलातली आहे ते कळायला मला एका कबुतराकडे आणि एका माकडाकडे जावं लागलं.

आधी कबूतर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरं पेटीत ठेवली. पेटीतल्या चकतीवर चोच मारली की दाणा मिळायचा. ठरावीक टोचण्यांनंतरच दाणा मिळतो असं असेल, तर कबूतर दाणा खाऊन जरा दम घेतं. पण तोच दाणा कधी तिसऱ्या टोचणीला, कधी तिसाव्या, कधी लागोपाठ दोनदा असा यायला लागला, की त्याला दम घ्यायला जागाच उरत नाही. ते टोचत सुटतं. पुढे दाणा साफ बंद केला तरी बराच वेळ टोचत राहतं. आता अंगठ्याने रील वर सरकवणारा कोणताही माणूस डोळ्यांपुढे आणा. दहा रील फालतू, अकराव्याला हसू फुटतं, मग पुन्हा सात फालतू.

आता माकड. १९९०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ हे संशोधक माकडांच्या मेंदूतल्या डोपामीन सोडणाऱ्या पेशींचं काम टिपत होते. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी एक दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला दिव्याचा अर्थ कळल्यावर पेशी दिव्याला उसळू लागल्या, आणि रस तोंडात पडताना गप्प! दिवा लागून रस आलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही मंदावत. डोपामीनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे, चाहूल. हे चाहुलीचं रसायन आहे. २००३मध्ये शुल्ट्झ यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. रस मिळेलच किंवा मिळणारच नाही अशी खात्री असते, तेव्हा या पेशी वाट पाहण्याच्या काळात फारशा जाग्या राहत नाहीत. मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा त्या सर्वांत जास्त ताणून जाग्या राहतात. मिळेल की नाही, या झुलण्यातच सगळी गंमत आहे.

फोन टिंग करतो तो हा दिवा. आत पाहिलं तर बँकेचा संदेश.

यात एक भर २००६मध्ये पडली. आझा रास्किन या तरुण अमेरिकन रचनाकाराने न संपणारं पान तयार केलं. तुम्ही खाली येता तसं पुढचं आपोआप वाढलं जातं. पूर्वी पान संपायचं, बटण दाबावं लागायचं, आणि तेवढ्यात ‘बास आता’ असं मनात यायला अवधी मिळायचा. पंगतीत वाढपी न विचारता वाढतच राहिला तर काय होईल तेच इथे झालं. एसटीलासुद्धा थांबे असतात. या गोष्टीचा पुढे रास्किन यांना पश्चात्ताप झाला आणि तो त्यांनी उघड बोलून दाखवला.

तर मग याला व्यसन म्हणायचं का? मराठीत याची चांगली उतरंड आहे: छंद, नाद, चाळा, व्यसन. संस्कृतात व्यसन म्हणजे मुळात संकट. गंमत अशी, की ‘इंटरनेटचं व्यसन’ हा आजार १९९५मध्ये न्यूयॉर्कच्या आयव्हन गोल्डबर्ग या मानसोपचारतज्ज्ञाने चेष्टेखातर रचला. मानसोपचाराच्या जाडजूड ग्रंथातल्या भाषेची टर उडवत त्यांनी लक्षणं लिहिली, त्यात बोटांची आपोआप टंकलेखनासारखी हालचाल हेही होतं. झालं भलतंच. आपल्याला हाच आजार आहे असं लोक त्यांना गंभीरपणे कळवू लागले. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत इंटरनेटचं व्यसन असा आजार नाही. खेळांच्या आहारी जाण्याचा विकार मात्र आहे, आणि ती यादी जानेवारी २०२२पासून लागू झाली. त्यातही खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याआधी खेळ येणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं हे साधारण वर्षभर चालू असावं लागतं. म्हणजे दहावीच्या सुट्टीत महिनाभर लोळत गेम खेळलेला मुलगा आजारी नव्हे. उलट झोप मोडली, जेवण सुटलं, मित्र तुटले असं महिनोन्‌महिने चाललं असेल, तर नुसतं रागावून भागत नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठी २०१४पासून वेगळा दवाखाना चालतो. तिथल्यासारख्या ठिकाणी फोनच्या मागे दडलेली उदासी किंवा भीतीही शोधावी लागते, कारण कधी फोनमुळे मन खचतं आणि कधी खचलेलं मन फोनच्या आडोशाला जातं.

आता आजीच्या मालिकेकडे येतो. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एक साधा, पण बघवत नाही असा प्रयोग केला. आई तान्ह्या बाळाशी हसतखेळत बोलते, मग एकदम चेहरा दगडासारखा करून नुसती बघत राहते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच जमत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दगडी चेहऱ्याच्या जागी आईच्या हातात मोबाईल दिला. बाळं तशीच कावरीबावरी झाली. आपण मुलांच्या फोनबद्दल बैठका घेतो. मुलं आपल्या फोनबद्दल बैठक घेऊ शकत नाहीत, एवढाच फरक.

सगळ्यात नवल मला वाटलं ते शिकागो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ लिओनार्डो बुर्स्टिन आणि सहकाऱ्यांच्या २०२३मधल्या कामाचं. अमेरिकेतल्या हजारावर कॉलेज विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, चार आठवडे टिकटॉक सोडायला काय घ्याल? सरासरी उत्तर आलं सुमारे ५९ डॉलर. मग प्रश्न फिरवला: तुमच्या कॉलेजातल्या सगळ्यांचंच, तुमच्यासकट, बंद करायचं असेल तर? आता पोरं पैसे मागेनात, उलट सरासरी २८ डॉलर स्वतःच्या खिशातून द्यायला तयार झाली! इन्स्टाग्रामच्या बाबतीतही तसंच, ४७ मागणारे १० द्यायला तयार. म्हणजे अनेकांना ते नकोच आहे. फक्त एकट्याने सोडलं की वर्गात आपणच बाहेर पडू, ही धास्ती आहे.

आमच्या घरी ‘जेवताना फोन नाही’ हा नियम तीनदा झाला आणि तीनदा मोडला. तिन्ही वेळा मोडणारा मीच, ‘ऑफिसचा आहे’ म्हणत. नियम एकेकट्याला लावला की शिक्षा वाटते. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने २०२२मध्येच अठराच्या आतल्या मुलांना मोबाईलबंदी केली. तिचा हेतू चांगला असेल, पण मला वडगावची रीत जास्त शहाणी वाटते, कारण तिथे सगळ्यांचंच एकदम बंद. ज्या क्षणी मोबाईलवरच्या गटातले सगळेच गप्प असतात, त्या क्षणी गटात आपलं काय बघायचं राहून गेलं हे पाहायला जावंच लागत नाही. दिवाच लागत नाही, मग चाहूल कसली?

वडगावात कुणाला पैसे मोजावे लागले नाहीत. साडेआठला भोंगा पुन्हा वाजायचा, आणि मग ज्याला हवं त्याने फोन सुरू करावा.