बल्ब बदलला, अंधार तसाच!

कुंडल (ता. पलूस, जि. सांगली) : उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कृष्णाकाठच्या रस्त्यांचे स्वरूपच पालटते. कुंडल येथे तर क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखानाच आहे. त्यामुळे हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मालमोटारी आणि बैलगाड्या रात्रीच्या वेळीही कारखान्याच्या दिशेने सरकत असतात. याच रस्त्यांवरून किर्लोस्करवाडीची दुसरी पाळी संपवून घरी निघालेला कामगार, रात्रीच्या विजेवर शेताला पाणी पाजायला निघालेला शेतकरी आणि सुटीत गावी आलेला पुण्या-मुंबईचा नोकरदारही जातो. त्यांतील बहुतेकांच्या बुडाखाली शंभर-सव्वाशे सीसीची मोटारसायकल असते आणि पुढे असतो तिचा पिवळसर, मिणमिणता दिवा. उसाने गच्च भरलेल्या ट्रॉलीच्या मागे लोंबणारे वाढे तिचा मागचा दिवा व रिफ्लेक्टर झाकून टाकतात. अशी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी असेल, तर ती दिसायची ती आपल्याच दिव्याच्या उजेडात.

शहरात या गोष्टीची जाणीव होत नाही. रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या आणि पुढच्या-मागच्या गाड्यांचा झगमगाट यांमुळे आपल्या गाडीचा हेडलाइट कितपत चालतो, हे कळायला वावच नसतो. गावाची वेस ओलांडली की मात्र खरी परिस्थिती उघडी पडते. मग गॅरेज गाठले जाते आणि पहिला सल्ला मिळतो तो ‘जास्त वॅटचा बल्ब टाका’ किंवा ‘एलईडी बसवून घ्या’ असा. हा सल्ला बहुतेक वेळा अर्धवट असतो आणि कधी कधी तर धोक्याचाही. हेडलाइट घरच्या घरी सुधारता येतो, यात शंका नाही. मात्र सुरुवात बल्बपासून करायची नसते.

प्रथम उजेड किती लागतो, याचा हिशेब पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर काही तरी आहे हे उमगून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर सर्वसाधारण ब्रेक लावून थांबायला आणखी २८ मीटर. म्हणजे एकूण ५३ मीटर. ताशी ४० च्या वेगाला हाच आकडा २९ मीटरवर येतो. दिव्याचा उजेड रस्त्यावर तीस-पस्तीस मीटरपर्यंतच पोहोचत असेल, तर साठच्या वेगाने जाणारा स्वार आपल्याला न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी हाकत असतो, असाच याचा अर्थ. ओल्या रस्त्यावर किंवा सांडलेल्या उसाच्या चिपाडांवर तर हे अंतर आणखी वाढते.

आता मूळ दिव्याकडे वळू. आपल्याकडील असंख्य लहान मोटारसायकलींत ३५/३५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. एचएस-१ या नावाने तो ओळखला जातो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार या बल्बने १३.२ व्होल्ट दाबावर अपरला सुमारे ८२५ आणि डिपरला ५२५ ल्युमेन प्रकाश द्यावा, अशी अपेक्षा असते. मोठ्या मोटारसायकलींत आणि जुन्या मोटारींत वापरला जाणारा ६०/५५ वॅटचा एच-४ बल्ब अपरला १६५० व डिपरला १००० ल्युमेन देतो. म्हणजे दुप्पट उजेड. दोन्ही बल्बांच्या बैठकीत थोडासाच फरक असल्याने कानस मारून एच-४ लहान गाडीत बसवण्याचा मोह अनेकांना होतो. आणि नेमका येथेच घोटाळा होतो.

कारण वर दिलेले सारे आकडे १३.२ व्होल्टचे आहेत. हॅलोजन बल्बचा उजेड विजेच्या दाबाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून कितीतरी अधिक वेगाने घटतो. बल्बपर्यंत पोहोचणारा दाब १० टक्के कमी झाला, की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. दहा-बारा वर्षे ऊन-पाऊस खाल्लेल्या गाडीत बॅटरी, चावीचा स्विच, हँडलवरचा अपर-डिपर स्विच, दोन-तीन जोडण्या आणि शेवटी बल्बचा होल्डर अशा लांब वाटेने वीज जाते. या वाटेवर सगळा मिळून ०.४ ओहमचा रोध जमला, तरी ३५ वॅटचा बल्ब ओढत असलेल्या सुमारे ३ अँपिअर प्रवाहामागे १.२ व्होल्ट वाटेतच गळतात. त्याच तारांवर ५५ वॅटचा बल्ब लावला की प्रवाह साडेचार अँपिअरवर जातो, गळती वाढते आणि गळालेली वीज उष्णता होऊन होल्डर वितळवू लागते. जळका वास आला आणि उजेड मात्र तेवढाच, अशी स्थिती होते. गाडीच्या मालकाला वाटते, बल्ब नकली निघाला.

एसी की डीसी?

काहीही विकत घेण्यापूर्वी आपल्या गाडीचा हेडलाइट कशावर चालतो, हे जाणून घेणे आवश्यक आहे. जुन्या व स्वस्त मोटारसायकलींत तो बॅटरीवर चालतच नसे. इंजिनाला जोडलेल्या वीजनिर्मितीच्या कॉइलमधून थेट एसी वीज त्याला मिळे. अशा गाडीची ओळख सोपी आहे. गाडी एका जागी धीम्या गतीने चालू असताना दिवा मंद होतो आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला की उजळतो. खड्डे चुकवत, हळू चालवताना उजेडाची गरज सर्वाधिक आणि नेमका तेव्हाच तो सर्वात कमी! या गाड्यांत ६० वॅटचा बल्ब लावून उपयोग नाही. कॉइलची ताकदच तेवढी नसते. त्यांतील अनेकींची बॅटरीही २.५ अँपिअर-तासांची, म्हणजे हॉर्न व इंडिकेटरपुरती. तिच्यावर हेडलाइटचा भार टाकला, तर ती लवकरच मान टाकते. कॉइल आणि रेक्टिफायर बदलून पूर्ण डीसी व्यवस्था करता येते, परंतु ते घरी करण्याचे काम नव्हे.

इंजिन बंद असताना केवळ चावी फिरवून दिवा लागत असेल, किंवा इंजिन चालू असताना त्याचा उजेड अ‍ॅक्सिलरेटरप्रमाणे कमी-जास्त होत नसेल, तर व्यवस्था डीसी आहे असे बहुधा समजावे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींना हेडलाइट बंद करण्याचे बटणच नाही. इंजिनाबरोबर तो आपोआप लागतो.

डीसी गाडीत पहिले साधन म्हणजे मल्टिमीटर. इंजिन जरा वेगात चालू ठेवून, दिवा लागलेला असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजावेत. मग बल्बच्या मागच्या जोडणीवर मोजावेत. दिवा न लावता घेतलेला आकडा निरुपयोगी. प्रवाहच वाहत नसेल तर गळती दिसणार कशी? दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टहून अधिक तफावत आढळली, तर दोष तारांत आहे. बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि बल्बची अर्थिंगची पिन यांच्यातही एकदा मोजावे. अनेकदा चोर तेथेच सापडतो. हिरवट पडलेल्या तांब्याच्या पिना बारीक पॉलिश पेपरने घासणे, सैल जोडण्या आवळणे, पिवळा पडून ठिसूळ झालेला होल्डर बदलणे आणि चेसिसला जोडलेल्या अर्थच्या तारेखालचा गंज खरवडणे, ही कामे रविवारच्या एका सकाळी होतात. त्यासाठी खर्च जवळजवळ नसतोच.

एवढे करूनही गळती उरली, तर रिले बसवावा. रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. त्यात दिव्याची वीज बॅटरीतून फ्यूजमार्गे, जाड तारेने थेट बल्बकडे येते आणि हँडलवरच्या जुन्या स्विचवर फक्त रिले चालवण्याचे हलके काम उरते. अपर आणि डिपरसाठी दोन रिले लागतात. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा; तार हँडलच्या वळणात चेंगरली, तर आग लागण्यापासून वाचवणारी तीच एक गोष्ट असते. फ्यूज न लावता ‘डायरेक्ट’ केलेली जोडणी कितीही उजेड देत असली, तरी ती त्याच दिवशी काढून टाकावी, असे या प्रतिनिधीचे स्पष्ट मत आहे.

तारांइतकेच दुर्लक्ष काचेकडे होते. बाहेरचे प्लॅस्टिक उन्हाने पिवळसर झालेले असेल, तर मेटल पॉलिशने ते बऱ्यापैकी स्वच्छ होते, अर्थात काही महिन्यांपुरते. आतील चकाकता रिफ्लेक्टर मात्र कापडाने कधीही पुसू नये. त्यावरचा मुलामा अत्यंत नाजूक असतो व पुसताच निघून येतो. तो काळवंडला असेल, तर हेडलाइटचा पूर्ण संचच नवा घेणे शहाणपणाचे. एखाद्या चांगल्या बल्बपेक्षा नव्या रिफ्लेक्टरचा फरक डोळ्यांत भरतो. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नये, हेही ध्यानात ठेवावे. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहिला, की त्या ठिकाणी ती अधिक तापते आणि बल्ब अकाली जातो.

पांढऱ्या उजेडाची भूल

एलईडीचा प्रश्न थोडा तपशिलात पाहायला हवा, कारण सध्या गावोगावी तेच चालले आहे. कंपनीने मुळातच एलईडीसाठी घडवलेला हेडलाइट उत्तमच असतो. प्रश्न आहे तो हॅलोजनच्या जागी खोचल्या जाणाऱ्या एलईडी बल्बचा. हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात आणि डिपरच्या तारेखाली एक छोटीशी धातूची वाटी असते. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तो परावर्तित होऊन खाली, रस्त्यावर येतो. साऱ्या दिव्याची रचना त्या बारीक तारेच्या जागेवर बेतलेली असते. ती जागा एखाद्या मिलिमीटरने चुकली, तरी झोत बिघडतो. एलईडी बल्बमध्ये तारेऐवजी पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चपट्या चकत्या असतात. त्या नेमक्या त्याच जागी बसल्या नाहीत, की उजेड सर्वत्र उधळतो. गाडीसमोरच्या दहा मीटरांत लख्ख चांदणे पडते, स्वाराला समाधान वाटते. परंतु जवळचा रस्ता फार उजळल्याने डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचे उलट कमी दिसू लागते. धुक्यात तर वर उधळलेला पांढरा उजेड परत डोळ्यांवरच येतो. समोरून येणाऱ्याची अवस्था काय होत असेल, हे सांगायला नको.

आणि समोरून येणारा हाच येथे कळीचा मुद्दा आहे. त्याचे डोळे दिपले, की पुढचे काही सेकंद त्यालाही ती उभी ट्रॉली दिसत नाही. आपण घेतलेला उजेड दुसऱ्याच्या दृष्टीतून कापून घेतलेला असेल, तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही.

कायदाही याच बाजूने आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले आणि नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. जोडण्या साफ करणे, मूळ क्षमतेचाच नवा बल्ब वा कंपनीचा हेडलाइट संच घालणे यांवर कोणी बोट ठेवणार नाही. जास्त वॅटचा बल्ब, एलईडीचा खोचबल्ब आणि लेगगार्डवर वर तोंड करून लावलेले लखलखते दिवे यांची गोष्ट वेगळी. उसाच्या ट्रॉल्यांना मागचे दिवे नाहीत, हा दुचाकीस्वाराचा गुन्हा नव्हे. ती जबाबदारी वाहनमालक, कारखाने आणि परिवहन खात्याची आहे. पण वाढ्यांतून डोकावणारी रिफ्लेक्टरची एखादी पट्टी असली, तरी तिच्यावर उजेड पडला तरच ती चमकते. तेवढे काम आपल्या दिव्याने करायचे आहे.

त्यासाठी शेवटचे आणि सर्वात दुर्लक्षित काम म्हणजे झोताचा नेम. चाकांत योग्य हवा भरून गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी करावी आणि नेहमीचा स्वार वर बसवावा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूची रेघ मारावी. डिपरच्या झोताची वरची कड या रेघेखाली साधारण १० ते १५ सेंटिमीटर यावी. दिवा ९० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर १० सेंटिमीटरच्या उताराने झोत ९० मीटरवर जमिनीला टेकतो, १५ च्या उताराने ६० मीटरवर. २५ सेंटिमीटर खाली असेल तर अवघ्या ३६ मीटरवर, म्हणजे साठच्या वेगाला अपुराच. हेडलाइटच्या चौकटीखालचा वा बाजूचा स्क्रू फिरवून हे जुळवता येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम झोत डोळ्यांवर येऊ नये म्हणून जे अंतर सांगतो, तेही तपासून पाहावे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवर डोळे येतील असे घरातल्या कोणाला तरी उभे करावे. डिपरवर त्यांचे डोळे दिपत असतील, तर नेम अजून वर आहे.

मागे माणूस बसला किंवा कॅरिअरवर पेंडीचे पोते पडले, की गाडीचा मागचा भाग दबतो आणि हा सारा नेम वर सरकतो. कुंडल परिसरात रात्री एकट्याने जाणारी मोटारसायकल तशी कमीच दिसते. म्हणून हीच चाचणी मागे माणूस बसवूनही करावी, मागचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर एक-दोन खाचा कडक करून पाहावेत आणि तरीही झोत रेघेच्या वर राहत असेल, तर नेम ओझ्यासह जुळवून घ्यावा.