देवबंदची झोळी आणि अल-अझहरचा खजिना

विद्यादानाची थोरवी सांगणारी सुभाषिते आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु विद्यादानाचा खर्च कोणी करावयाचा, याविषयी सुभाषितकार बहुधा मौन पाळतात. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हे मौन परवडत नाही. ज्याच्या हाती विद्यापीठाची थैली, त्याच्या हाती कालांतराने विद्यापीठाची वाणीही जाते, असा इतिहासाचा अनुभव आहे. इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन थोर विद्यापीठांनी, उत्तर प्रदेशातील देवबंदच्या दारुल उलूमने आणि कैरोच्या अल-अझहरने, या प्रश्नाला दिलेली उत्तरे परस्परांहून अगदी भिन्न आहेत. आणि म्हणूनच ती एकत्र तपासण्याजोगी आहेत.

देवबंद हे सहारनपूर जिल्ह्यातील एक कसब्याचे गाव. तेथील छत्ता मशिदीच्या आवारात, डाळिंबाच्या झाडाखाली, मे १८६६ च्या अखेरीस एक गुरू आणि एक शिष्य अध्ययनाला बसले. योगायोग असा, की गुरूचे नाव मुल्ला महमूद आणि शिष्याचे महमूद हसन. हाच शिष्य पुढे ‘शेखुल हिंद’ म्हणून विख्यात झाला आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी त्याला माल्टा बेटावर बंदिवासात ठेवले.

हा आरंभ १८५७ च्या उठावानंतर अवघ्या नऊ वर्षांनी झाला, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दिल्लीचे मोगल सिंहासन नष्ट झाले होते. विद्वानांना व मदरशांना पोसणाऱ्या इनाम जमिनींपैकी पुष्कळ कंपनीच्या अमदानीतच सरकारजमा झाल्या होत्या. ज्या आश्रयावर ही विद्या शतकानुशतके जगली, तो आश्रयच उरला नव्हता. अशा वेळी संस्थापकांपैकी मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी यांनी संस्थेसाठी आठ सूत्रे लिहून ठेवली. नानौतवी हे काही जहागीरदार नव्हते. मीरतच्या छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी केलेले होते.

या आठ सूत्रांतील अर्थविचार आजच्या वाचकालाही चकित करील. जोवर संस्थेला उत्पन्नाचे कायमचे साधन नाही, तोवर ती ईश्वरावरील भरवशाने नीट चालेल. जहागीर, कारखाना, व्यापार किंवा एखाद्या धनिकाचे पक्के वचन हाती आले, की हा भरवसा सुटेल आणि आपसांत कलह माजेल, असा त्यांचा आशय आहे. सरकारचा आणि श्रीमंतांचा सहभाग हानिकारक मानावा, आणि ज्यांना देणगीतून नावलौकिकाची अपेक्षा नाही अशांचे दान अधिक शुभ समजावे, असेही तेथे सांगितले आहे. कोणताही हिशेबनीस संस्थेला राखीव निधी उभारण्याचा सल्ला देईल; नानौतवींनी नेमका त्याच्या उलट सल्ला दिला.

हा केवळ भाबडेपणा होता, असे म्हणता येणार नाही. या योजनेमागे व्यवहाराची पक्की जाण होती. रेल्वे आणि टपाल यांचे जाळे तेव्हा देशभर पसरत होते. १८८० पासून मनीऑर्डरची सोय झाली. दूरच्या गावचा सामान्य माणूसही आता देवबंदला दोन रुपये धाडू शकत होता. कोणी धान्य दिले, कोणी ग्रंथ दिले, कोणी एखाद्या विद्यार्थ्याच्या दोन वेळच्या जेवणाचा भार उचलला. जमाखर्च प्रतिवर्षी छापून प्रसिद्ध होई. आरंभीच्या देणगीदारांत काही हिंदूंची नावेही आढळतात. पुढे संस्थानिकांची मदत अजिबात आली नाही असे नव्हे. तथापि संस्थेचा कणा लहान वर्गणीदारांचाच राहिला. इंग्रजी राजवटीला नाकारणाऱ्यांनी वर्ग, परीक्षा, ठराविक अभ्यासक्रम ही नव्या पाठशाळांची शिस्त मात्र निःसंकोच उचलली, हेही नमूद केले पाहिजे.

आता कैरोकडे वळू. अल-अझहर मशीद फातिमी राजवटीत उभारली गेली आणि ९७२ मध्ये तेथे पहिली नमाज झाली. लवकरच तेथे अध्यापन सुरू झाले आणि शासनाने विद्वानांना वेतने बांधून दिली. ११७१ मध्ये सलाहुद्दीनने फातिमी सत्ता संपविली, तेव्हा राजाश्रयाबरोबरच या मशिदीचे वैभवही मावळले. शुक्रवारचा खुतबा तेथे पुन्हा सुरू होण्यास १२६६ साल उजाडावे लागले. पुढे वक्फांच्या उत्पन्नावर तिची भरभराट झाली. निरनिराळ्या प्रांतांच्या विद्यार्थ्यांसाठी ‘रिवाक’ म्हणजे वसतिस्थाने होती आणि त्यांना भाकरीचा शिधा मिळे. अंध बालक म्हणून खेड्यातून आलेले आणि पुढे अरबी साहित्यात अमर झालेले ताहा हुसेन याच परंपरेत शिकले.

मात्र एकोणिसाव्या शतकात मुहम्मद अलीने वक्फ जमिनींवर हात टाकला आणि १९५२ च्या क्रांतीनंतर उरलेला वक्फही शासनाच्या ताब्यात गेला. १९६१ च्या कायद्याने अल-अझहरला वैद्यक, अभियांत्रिकी, शेती, वाणिज्य अशा आधुनिक विद्याशाखा मिळाल्या. स्त्रियांनाही प्रवेश खुला झाला. हा लाभ थोडाथोडका नव्हे. पण त्याची किंमतही मोजावी लागली: प्रमुख शेखची नेमणूक राष्ट्राध्यक्षांच्या हाती गेली. २०१२ च्या दुरुस्तीने ज्येष्ठ विद्वानांच्या मंडळाला निवडीचा अधिकार परत मिळाला आणि २०१४ च्या राज्यघटनेने संस्थेला स्वतंत्र म्हटले. परंतु त्याच कलमाने तिला पुरेसा निधी देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. थैली अद्याप सरकारचीच आहे.

मग देवबंद खरोखर स्वतंत्र राहिले काय? सरकारपासून ते राहिले, यात शंका नाही. २०२२ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने मदरशांची पाहणी केली, तेव्हा हे जगप्रसिद्ध विद्यापीठ मान्यता नसलेल्यांच्या यादीत निघाले. फाळणीच्या वादात तेथील हुसेन अहमद मदनी यांनी मुस्लिम लीगविरुद्ध संमिश्र राष्ट्रवादाची बाजू निर्भयपणे मांडली, हेही खरे. परंतु लोकवर्गणीलाही स्वतःचे मन असते. १९८२ मध्ये सत्तेच्या झगड्यात संस्था दुभंगली आणि ‘दारुल उलूम वक्फ’ वेगळे झाले. जानेवारी २०११ मध्ये आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुव्याला मोठे शिक्षणसंकुल उभारणारे मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी कुलगुरूपदी निवडले गेले. धार्मिक शिक्षणाला आधुनिक विद्येची जोड देणारा हा माणूस; पण गुजरातविषयीच्या त्यांच्या उद्गारांवरून वादळ उठले आणि जुलैत त्यांना पद सोडावे लागले. हजारो लहान दात्यांवर अवलंबून असलेली संस्था एका धनिकाची बटीक होत नाही. मात्र दात्यांच्या रूढ समजुतींपेक्षा दोन पावले पुढे जाणे तिला जड जाते.

तात्पर्य, राजाची सनद असो, सरकारचे अनुदान असो वा जनतेची वर्गणी असो, प्रत्येक पैशाला एक धनी असतो. दोन्हींपैकी एक मार्ग निर्दोष ठरविण्याचा मोह टाळावा. उत्पन्नाचे अनेक झरे असावेत, हिशेब उघडा असावा, आणि काय शिकवावे हा निर्णय शिकवणाऱ्यांच्या हाती राहावा, एवढेच यातून घेण्यासारखे आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला अनुदानाची वाट पाहणाऱ्या आम्हा अध्यापकांनी तरी डाळिंबाच्या झाडाखालच्या त्या जमाखर्चाकडे परक्याच्या नजरेने पाहू नये.