एक भाकरी आणि १०२४ वाटा

समजा, मोबाइलच्या पडद्यावर तुम्ही एक गोष्ट वाचताय आणि त्या गोष्टीतले नायक तुम्हीच आहात. राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवणे गावात उभे आहात. पाठीवर सॅक, सॅकमध्ये दोन भाकऱ्या. समोर एक तांबूस कुत्रा शेपटी हलवत तुमच्याकडे टक लावून बघतोय. तेवढ्यात पडद्यावर दोन चौकटी उमटतात : ‘त्याला भाकरी द्या’ आणि ‘तसेच पुढे चला’. तुम्ही एका चौकटीवर बोट टेकवता आणि गोष्ट पुढे सरकते. कुठलीही चौकट निवडा, पायवाट तीच, झाडी तीच, दम काढणारा चढही तोच. मग मनात येतं, भाकरी दिली काय अन् न दिली काय, सारखंच!

थांबा. चोरदरवाज्याच्या खाली पोचता पोचता दाट धुकं उतरतं. पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते कळेना. ज्याने भाकरी दिली होती त्याला धुक्यातून भुंकणं ऐकू येतं. तो तांबूस कुत्रा मागोमाग आलेला असतो. तो पुढे होतो आणि वाट दाखवतो. ज्याने भाकरी दिली नव्हती, त्याला मात्र कातळाला टेकून धुकं विरेपर्यंत बसून राहावं लागतं.

म्हणजे गेमला आठवत होतं!

राजगडाची ही गोष्ट मी आत्ता तुमच्यासाठी रचली, पण अशा धर्तीचे गेम जगभर खेळले जातात. त्यांत बोटांची चपळाई फारशी लागत नाही. गोष्ट ऐकायची, मध्येच प्रश्न आला की ठरवायचं, आणि ठरवलं त्याचं काय होतं ते बघायचं. पण हे घडतं कसं? गेम बनवणारे प्रत्येक खेळाडूसाठी वेगळी गोष्ट लिहून ठेवतात का?

चला, जरा आकडेमोड करू. गोष्टीत एक प्रश्न आला की तिला दोन फाटे फुटतात. दुसरा प्रश्न आला की प्रत्येक फाट्याला पुन्हा दोन, म्हणजे चार. मग आठ, सोळा, बत्तीस... दहाव्या प्रश्नानंतर गोष्टीचे शेवट झाले १०२४! पहिलं पान, मधली पानं आणि हे सगळे शेवट धरले तर लेखकाला २०४७ पानं लिहावी लागणार. आणि खेळणारा त्यातली वाचणार किती? फक्त ११. उरलेली २०३६ पानं त्याला दिसणारसुद्धा नाहीत. वीस प्रश्नांची गोष्ट केली तर पानं होतात २० लाख ९७ हजार १५१. रोज एक पान लिहायचं म्हटलं तर साडेपाच हजारांहून जास्त वर्षं लागतील. कागदावर स्वतः करून बघा. दुप्पट होत जाणारे आकडे कसे अंगावर येतात ते कळेल.

तरीही लोकांनी अशा गोष्टी लिहिल्या, आणि त्याही कॉम्प्युटर घरोघरी यायच्या आधी. अमेरिकेत एडवर्ड पॅकार्ड नावाचे एक वकील होते. रात्री झोपताना ते आपल्या मुलींना पीट नावाच्या मुलाची गोष्ट सांगायचे. एका रात्री पुढचं काही सुचेना, म्हणून त्यांनी मुलींनाच विचारलं, ‘आता पीटने काय करावं?’ दोघींनी दोन वेगळी उत्तरं दिली. बाबांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या! त्यातूनच पुढे ‘अमुक करायचं तर या पानावर जा, तमुक करायचं तर त्या पानावर जा’ अशी पुस्तकं आली. त्यांच्या गाजलेल्या मालिकेतलं ‘द केव्ह ऑफ टाइम’ हे पहिलं पुस्तक १९७९ मध्ये निघालं आणि त्या एका पुस्तकात तब्बल ४० शेवट होते. पॅकार्ड यांच्या १९८२ सालच्या ‘इनसाइड यूएफओ ५४-४०’ या पुस्तकात तर अशी एक जागा आहे, जिथे कुठल्याही निवडीतून पोचताच येत नाही. ज्याने नियम मोडून सहज पानं चाळली, त्यालाच ती सापडते. मला ही कल्पना फार म्हणजे फारच आवडते.

मुलींचाच आणखी एक बाबा होता, विल क्राउदर. हा प्रोग्रॅमर आणि पक्का गुहावेडा. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची जगातली सर्वांत लांब गुहा आहे. आजवर मोजलेली तिची लांबी ६५० किलोमीटरपेक्षा जास्त आहे. क्राउदर तिच्यात उतरून नकाशे काढायचा. १९७५-७६ च्या सुमारास त्याने आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून त्या गुहेवर एक गेम लिहिला. चित्र एकही नाही, नुसते शब्द. ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ असे एकदोन शब्द टाइप करायचे, की कॉम्प्युटर पुढे काय दिसतं ते सांगायचा. १९७७ मध्ये डॉन वुड्सने त्यात भर घातली आणि एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर होत होत तो गेम सगळीकडे पोचला. बघा, पॅकार्डचं पुस्तकही गुहेचं आणि क्राउदरचा गेमही गुहेचा. गुहेत पावलोपावली फाटे असतात ना!

पण २०४७ पानांचं कोडं अजून सुटलेलं नाही. त्यावरचा तोडगा वारीला गेलेल्या कुणालाही पटकन समजेल. ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघते, तुकोबांची देहूहून. पुण्यानंतर एक जाते सासवड-जेजुरीकडून, दुसरी बारामती-इंदापूरकडून. पण पंढरपूरच्या अलीकडे, वाखरीला, दोन्ही एकत्र येतात. गेमचे लेखक अगदी हेच करतात. फाटा फुटू देतात, थोडं अंतर वेगळं चालू देतात आणि मग सगळ्यांना एका वाखरीला आणतात. तिथून पुढचा प्रश्न सगळ्यांना एकच.

आता पुन्हा मोजा. एक सुरुवातीचं पान आणि दहा प्रश्नांची प्रत्येकी दोन पानं. झाली २१. कुठे २०४७ आणि कुठे २१! आणि या २१ पानांतून जायच्या वाटा किती? त्या मात्र पूर्वीइतक्याच, १०२४. कारण प्रत्येक प्रश्नाला तुम्ही अजूनही दोनांपैकी एक उत्तर देताच आहात.

केंब्रिजमधल्या ‘इंकल’ या कंपनीने गोष्टी लिहिण्यासाठी ‘इंक’ नावाची एक छोटीशी संगणकभाषा तयार केली आणि २०१६ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. तिच्यात ओळीच्या सुरुवातीला ताऱ्याचं चिन्ह टाकलं की ती ओळ खेळाडूसमोर निवड म्हणून येते. आणि नुसती एक आडवी रेघ टाकली की वरचे सगळे फाटे तिथे गोळा होतात. एका रेघेत वाखरी!

फाटे असे गुंडाळण्याची युक्ती गेमच्याही आधी एका सिनेमाने वापरली होती. १९६७ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे चेकोस्लोव्हाकिया देशाच्या दालनात रादूझ चिन्चेरा यांनी ‘किनोऑटोमॅट’ आणला. प्रत्येक खुर्चीला दोन बटणं, एक लाल, एक हिरवं. सिनेमा ऐन रंगात आला की थांबायचा. नायकाचं काम करणारा नट मिरोस्लाव्ह होर्निचेक प्रत्यक्ष रंगमंचावर यायचा आणि विचारायचा, ‘आता मी काय करू?’ एका प्रसंगी शेजारीण घराबाहेर अडकलेली असते. तिला आत घ्यायचं की नाही? प्रेक्षक धडाधड बटणं दाबायचे, मतं मोजली जायची, आणि बहुमताने ठरेल तो प्रसंग पुढे दिसायचा. यंत्रणा साधी होती. दोन प्रोजेक्टर एकाच वेळी चालू ठेवायचे आणि एकाच्या भिंगावर झाकण घालायचं! दोन्ही फाटे पुढच्या प्रश्नापाशी पुन्हा जुळायचे. लोकांनी काहीही ठरवलं तरी शेवटी घराला आग लागायचीच.

युक्ती भारीच, पण एक उणीव राहिली. प्रोजेक्टरला काही आठवत नव्हतं. वाखरीला सगळे एकत्र आले की मागचं सगळं पुसलं गेलं. मला विचाराल तर चांगला गेम आणि नुसता फसवा गेम यांतला फरक इथेच आहे. गेम जर तुम्हाला ‘गोड बोलू की रागाने?’ असं विचारत असेल आणि दोन्हीला समोरचा तेच उत्तर देऊन पुढे कधीच त्याची आठवण काढत नसेल, तर ती निवड नुसती दिखाऊ.

खरा गेम वाटा गुंडाळतो, पण आठवण जपतो. बीजगणितात तुम्ही ‘चल’ शिकता ना, ज्याची किंमत बदलू शकते? गेमच्या पोटात असे चल भरलेले असतात. आपल्या राजगडाच्या गोष्टीत एका चलाचं नाव ‘भाकरी’. भाकरी दिली तर किंमत १, नाही तर ०. बस, एवढंच. मग धुक्याच्या पानावर एक नियम लिहिलेला असतो : भाकरी १ असेल तर कुत्रा आण, नसेल तर खेळाडूला थांबव.

अशी एक हो-नाही आठवण ठेवायला कॉम्प्युटरला लागते फक्त एक बिट जागा. तुम्ही मोबाइलवर ‘क’ हे एक अक्षर टाइप करून ठेवता, तेव्हा साधारणपणे २४ बिट खर्च होतात. म्हणजे एका ‘क’च्या जागेत तुमचे २४ निर्णय मावतात! आणि २४ हो-नाही निर्णयांचे निरनिराळे संच होतात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६.

या आठवणीच्या जोरावर काय काय उभं राहतं, ते ‘एटी डेज’ या गेममध्ये दिसतं. इंकलनेच तो २०१४ मध्ये आणला, आणि त्यातली बरीचशी गोष्ट मेग जयंत यांनी लिहिली आहे. मूळ कादंबरी ज्यूल व्हर्न यांची, ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणेची. तिच्यात फिलिअस फॉग आणि त्याचा नोकर पासपार्टू आपल्या मुंबईलाही येतात बरं का. पासपार्टू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून शिरतो, पुजारी त्याला बडवून बूट काढून घेतात, आणि पुढे कलकत्त्याच्या कोर्टात तेच बूट न्यायाधीशासमोर हजर होतात! व्हर्न यांनीही आठवण ठेवली होतीच, पण त्यांची वाट एकच होती. गेममध्ये पासपार्टू म्हणजे तुम्ही. पृथ्वीचा गोल समोर फिरतो, कुठल्या शहराला कशातून जायचं ते तुम्ही ठरवता. कदाचित मुंबई तुमच्या वाटेवर येणारच नाही. पेटीत काय भरलं, खिशात पैसे किती, मालकाची तब्येत कशी, किती दिवस उरले, हे सगळं गेम सतत लक्षात ठेवतो. त्यासाठी लिहिलेला मजकूर पाच लाखांहून जास्त शब्दांचा आहे, आणि एका प्रदक्षिणेत त्यातला अगदी थोडाच वाचायला मिळतो.

आठवणीची कमाल बघायची तर ‘अंडरटेल’मध्ये. २०१५ चा हा गेम टोबी फॉक्स या तरुणाने बराचसा एकट्याने बनवला, संगीतसुद्धा त्याचंच. जमिनीखालच्या राक्षसांच्या राज्यात तुम्ही पडता. समोर आलेल्या प्रत्येक राक्षसाशी लढता येतं किंवा त्याला सोडूनही देता येतं. एकालाही न मारता पूर्ण गेम पार करता येतो. सुरुवातीला टोरिएल नावाची एक माऊली भेटते. तुम्ही बाहेर पडू नये म्हणून ती वाट अडवते. काही खेळाडू तिला मारून बसतात, मग वाईट वाटून गेम बंद करतात, पुन्हा सुरू करतात आणि या वेळी तिला सोडून देतात. वाटतं, कुणाला कळलंच नाही. पण पुढे एक फूल भेटतं, फ्लॉवी नावाचं. ते म्हणतं, तू आधी काय केलंस ते मला माहीत आहे! गेमने ती नोंद तुमच्या सेव्ह केलेल्या खेळापेक्षा वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवलेली असते. सेव्ह न करता गेम बंद केला तरी ती पुसली जात नाही.

गोष्टीचे पुष्कळ गेम मोठ्या माणसांसाठी असतात, तेव्हा वयाची सूचना बघून आणि घरी विचारूनच घ्या. आणि पहिल्यांदा खेळताना मागे फिरू नका. जे ठरवलं ते ठरवलं. दुसऱ्या खेपेला मात्र वही घेऊन बसा, मुद्दाम उलटी उत्तरं द्या आणि गेमने काय लक्षात ठेवलं, काय विसरला ते टिपून ठेवा.

खरी गंमत मात्र स्वतः अशी गोष्ट रचण्यात आहे. कॉम्प्युटर असेल तर ‘ट्वाइन’ हे फुकट साधन इंटरनेटवर आहे, त्यात मराठीतही लिहिता येतं. नसेल तर सात चिठ्ठ्या घ्या : एक सुरुवातीची, आणि तीन प्रश्नांच्या प्रत्येकी दोन उत्तरांच्या सहा. दर उत्तराच्या चिठ्ठीखाली पुढचा प्रश्न लिहा. शेजारी एक रिकामी वाटी ठेवा. खेळाडूने पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं तर वाटीत चिंचोका टाका, दुसऱ्याला ‘हो’ म्हटलं तर शेंगदाणा. शेवटच्या चिठ्ठ्यांवर लिहा : वाटीत चिंचोका असेल तर असं होईल, शेंगदाणा असेल तर तसं, दोन्ही असतील तर आणखी काही. सात चिठ्ठ्यांतून आठ वाटा निघतील. पहिला खेळाडू म्हणून आजीला किंवा आजोबांना बसवा, दुसरा म्हणून एखाद्या मित्राला, आणि ते खेळत असताना पुढे काय होणार याचा एक शब्दही तोंडातून काढू नका.